खडकाच्या कपाळी कुंकू

माझ्या झाकणाच्या आत बसवलेल्या आरशावर, खालच्या कडेपासून नऊ मिलिमीटरवर, वाळूचा एक कण चिकटलेला आहे. रंगाने फिकट पिवळा. एका बाजूने झिजून गोल झालेला, दुसऱ्या बाजूने अजून धारदार. त्याची रुंदी अर्धा मिलिमीटरही भरणार नाही. झाकण उघडे असेल आणि सूर्य पश्चिमेला खाली उतरला असेल, तर त्याची सावली त्याच्या कितीतरी पट लांब पडते, आणि एवढासा तो कण कोणीतरी आरशावर ओढलेल्या रेघेसारखा दिसू लागतो.

मित्रांनो, मी एक जुना करंडा आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी करंडा पाहिलाही नसेल, म्हणून सांगतो. करंडा म्हणजे कुंकू ठेवायची, झाकण असलेली गोल डबी. माझ्या पोटात दोन कप्पे आहेत. मोठ्या कप्प्यात कोरडे कुंकू आणि लहान कप्प्यात मेण. आधी कपाळाला मेणाचा बारीक ठिपका लावायचा आणि मग त्यावर बोटाने कुंकू टेकवायचे. मेणामुळे कुंकू घामाने ओघळत नाही, पाण्यानेही लवकर जात नाही. माझ्या गोष्टीत जे काही झाले ते या मेणामुळेच झाले.

माझा जन्म सावंतवाडीचा. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा एक तुकडा चरकावर चढवून कारागिराने मला गोल कातले. मी गरगर फिरत असताना त्याने माझ्या अंगावर लाखेची लाल कांडी दाबून धरली. घर्षणाने लाख तापली, वितळली आणि लाकडाच्या बारीक छिद्रांत शिरली. मग केवड्याच्या पानाने घासून त्याने मला चकाकी आणली. छिद्रे असलेल्या वस्तूत वितळलेला रंग एकदा शिरला की सहज बाहेर येत नाही, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे. त्यात मला तेव्हा फक्त आनंदच वाटला होता.

नीलिमाआजींच्या लग्नात मी त्यांच्याकडे आलो. तेव्हा त्या आजी नव्हत्या. सांगलीला जिल्हा परिषदेच्या कचेरीत त्या नोकरी करत. रोज सकाळी पावणेनऊला माझे झाकण उघडायचे, आरशात एक कपाळ यायचे, अनामिका आधी मेणात आणि मग कुंकवात बुडायची. चौतीस वर्षे हा क्रम चुकला नाही. हळदीकुंकवाला आलेल्या बायका मला हातात घेऊन म्हणत, "सावंतवाडीचा ना? आता असं काम मिळत नाही." त्या वेळी मला वाटे, आपल्यासारखे भाग्य कोणाचे नाही.

मग एका वर्षी नीलिमाआजींचे यजमान गेले, आणि त्या दिवसानंतर माझे झाकण उघडले नाही. मला कोणी टाकून दिले नाही, मित्रांनो, आणि कोणी वापरलेही नाही. सांगलीचे घर बंद करून आजी सिंगापूरला मुलाकडे राहायला आल्या, तेव्हा मलाही त्यांनी एका मऊ धडप्यात गुंडाळून बरोबर आणले.

हे घर बुओना व्हिस्टाला, एका कॉन्डोच्या अकराव्या मजल्यावर आहे. आजींचा मुलगा सौमित्र चांगी बिझनेस पार्कला कामाला जातो. शहराचे हे टोक ते टोक, एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, रोज तासाभराचा प्रवास. सून मधुवंती इथून चालत दहा मिनिटांवरच्या प्रयोगशाळेत काम करते. सच्छिद्र पदार्थांवर लेप दिले की ते आत किती खोल मुरतात, हे ती मोजते. तिच्या पर्समध्ये सहा इंची पोलादी पट्टी कायम असते. मोजायची सवय मला तिच्याच घरात लागली. त्यांची मुलगी चैत्राली दहा वर्षांची आहे. तिला मराठी सगळे कळते, पण उत्तर ती इंग्रजीतच देते, तेही इथल्या, वाक्याच्या शेवटी 'ला' जोडणाऱ्या इंग्रजीत.

माझी जागा जेवणाच्या टेबलाशेजारच्या फळीवर होती. आठ वर्षे मी तिथे मिटून होतो. आजी तिथूनच ये-जा करत, पण माझ्याकडे पाहत नसत. त्या फार बोलत नसत, हसत तर नसतच. सौमित्र कधी थट्टा करायचा, "आई, अगं निदान मला रागव तरी!" त्या म्हणत, "कशाला रागवू? तू जेव." आणि आपल्या खोलीत जात.

गेल्या मार्चमध्ये चैत्रालीला शाळेची आठवड्याची सुटी होती, म्हणून सगळे सिडनीला गेले. आजींनी मला पर्समध्ये का टाकले, ते मला अजून कळलेले नाही. कदाचित रिकामे घर सोडून जाताना मी एकटा राहीन असे त्यांना वाटले असेल.

सिडनीच्या उत्तरेला, गाडीने तासाभरावर, एक झुडपी जंगल आहे. तिथल्या मूळ रहिवाशांच्या पूर्वजांनी तिथल्या खडकांवर आकृत्या कोरून ठेवल्या आहेत. मधुवंतीला त्या पाहायच्या होत्या. दाखवायला त्याच समाजातल्या एक वयस्क बाई होत्या, आंटी डोरीन. तिकडे मोठ्या बायकांना मानाने आंटी म्हणतात. आपल्या सिंगापूरलाही म्हणतातच, त्यामुळे चैत्रालीची आणि त्यांची लगेच गट्टी जमली.

बंद पर्समध्ये मला फक्त ऐकू येत होते. वाळलेल्या सालींवर बुटांचा आवाज, पाखरे, किड्यांची सलग किरकिर. चाळीस मिनिटे तसेच. मग किरकिर थांबली. हळूहळू नव्हे, एकदम थांबली. मी आठ वर्षे अंधारात काढली आहेत, शांततेची मला भीती नाही. पण ही शांतता वेगळी होती. कोणीतरी ऐकत असताना असते तशी.

"हाच खडक," आंटी म्हणाल्या. त्यांचे इंग्रजी संथ होते. "आत्ता काही दिसणार नाही. कडेला उभे राहा आणि थांबा. खडकावर पाय ठेवायचा नाही, हात लावायचा नाही, पाणी ओतायचं नाही."

"व्हाय कॅनॉट टच?" चैत्रालीने विचारले.

"तुझ्या आजीच्या चेहऱ्याला अनोळखी माणसांनी हात लावलेला चालेल का तुला?"

"नो ला!"

"मग झालं तर."

खडक घराच्या गच्चीएवढा, सपाट, वालुकाश्माचा होता, असे नंतर मधुवंतीच्या बोलण्यातून कळले. सूर्य खाली उतरू लागला तशा रेघा वर आल्या. आधी मासा, मग एक ढाल, मग एकामागून एक पावले, आणि शेवटी माणसाएवढी एक आकृती. आंटींनी समजावले, की आधी टोकदार दगडाने ओळीने छिद्रे पाडायची, मग मधला भाग घासून सलग चर करायचा. मधुवंतीने न टेकता, दुरूनच पट्टी धरून अंदाज घेतला. चराची रुंदी बावीस मिलिमीटर.

"ही कोण आहे?" आजींनी मराठीतच विचारले. मधुवंतीने इंग्रजीत करून सांगितले.

"ते सांगायचा अधिकार माझा नाही," आंटी शांतपणे म्हणाल्या. आणि पुढचा खडक दाखवायला सगळ्यांना घेऊन वळल्या.

आजी मागे राहिल्या. पर्सची चेन उघडली. आठ वर्षांनी माझे झाकण वर झाले आणि तांबूस उजेड आत आला. त्या खडकाच्या कडेला गुडघ्यांवर बसल्या होत्या. आकृतीचे डोके अगदी कडेशी, हाताच्या अंतरावर होते. "बाईमाणूस," त्या पुटपुटल्या, "आणि किती वर्षं अशी मोकळ्या कपाळाने पडलीय!" गावाकडे वाटेवर कोरलेला दगड दिसला तर आपली माणसे असेच करतात. शेंदूर लावतात, हळदकुंकू वाहतात. न लावता पुढे जाणे हाच त्यांना अपमान वाटतो. आजींची अनामिका मेणात बुडाली, कुंकवात बुडाली, आणि दोन डोळ्यांच्या मधोमध दगडावर टेकली.

त्या क्षणी माझा आरसा खडकाकडे तिरका होता. मी जे पाहिले ते सांगतो. कोरलेली पावले त्या आकृतीपासून दूर जाणारी होती, सगळ्यांनी तसेच पाहिले होते. माझ्या आरशात ती आमच्याकडे येत होती. आरशात दिशा उलटतात, हे मला कळते. पण खडकावर आंटींनी अकरा पावले मोजून दाखवली होती. आरशात बारा होती.

आजींनी मान वर केली. वाटेच्या वळणावर मधुवंती उभी होती. तिने सगळे पाहिले होते. ती तोंड उघडणार, एवढ्यात आजी हसल्या. आठ वर्षांत पहिल्यांदा. मधुवंतीने तोंड मिटले.

आजींच्या बोटाला लागलेला वाळूचा एक कण माझ्या आरशावर चिकटला आणि झाकण बंद झाले. थोड्या वेळाने किडे पुन्हा किरकिरू लागले.

सिंगापूरला परतल्यावर आजी बदलल्या. स्वयंपाकघरात गुणगुणू लागल्या, चैत्रालीला दटावू लागल्या, खाली बाकावर बसून शेजारच्या चिनी आजीबाईंशी खाणाखुणांनी गप्पा मारू लागल्या. सौमित्र खूश झाला. मी मात्र खूश नव्हतो. मला आता वाळलेल्या पानांच्या धुरासारखा वास येत होता, आणि तो माझ्या आतून येत होता.

एप्रिलच्या सुरुवातीला आंटींची मेल आली. मार्चमध्ये येऊन गेलेल्या सगळ्यांना ती पाठवली होती. सोबत फोटो होता. आकृतीच्या कपाळावर लाल डाग, शेजारी मोजपट्टी. वीस मिलिमीटर. "मी रागावणार नाही," त्यांनी लिहिले होते, "काय लावले आहे तेवढे कोणीतरी सांगा. ते कळल्याशिवाय काढता येत नाही."

मधुवंतीने मेल दोनदा वाचली. मग फळीवरून मला उचलले, झाकण उघडले आणि पट्टी कुंकवात उभी धरली. चौदा मिलिमीटर. तिने तो आकडा कुठेही लिहिला नाही, पण मला आठवतो.

"सांगायला हवं," ती रात्रीच्या जेवणानंतर सौमित्रला हळूच म्हणाली.

"आईला कळलं तर ती पुन्हा खोलीत जाऊन बसेल," सौमित्र म्हणाला. "तू पाहतेस ना, कशी झालीय ती. आणि पन्नास माणसं येऊन गेली असतील तिथे. पावसाने जाईल ते."

"मेण आहे, सौमित्र. पावसाने जाणार नाही."

"मग थोडं थांब."

ती थांबली. एप्रिलअखेरीस दुसरी मेल आली. डाग पंचावन्न मिलिमीटर झाला होता. उन्हाने खडक तापतो, मेण मऊ होते, पावसाचे पाणी रंग पुढे नेते, हे मधुवंतीला समजत होते. पण फोटोतला रंग खडकावर कसाही पसरला नव्हता. तो कपाळावरून उतरून कोरलेल्या चरात शिरला होता, आणि चराच्या वळणाने, कडेबाहेर जराही न जाता, पुढे निघाला होता. जणू ती आकृती कोणीतरी पुन्हा गिरवत होते.

मधुवंतीने मला उघडले. मला त्या दिवसापासून कोणीही हात लावला नव्हता. कुंकू अकरा मिलिमीटर भरले.

"दमट हवा," ती स्वतःशी म्हणाली. "दबून बसलं असेल." तिने मला हलवून पाहिले, टेबलावर हलकेच आपटून पाहिले. अकराच.

आणि माझा आरसा. त्याचा मागचा पारा उडू लागला होता. या शहराच्या हवेत जुन्या आरशांचे असे होते. पण पारा ठिपक्याठिपक्यांनी उडतो. माझ्या आरशावर एकच वाकडी रेघ होती, आणि दर आठवड्याला ती थोडी पुढे सरकत होती. मधुवंतीने एकदा तिच्यावर बोट फिरवले आणि चटका बसावा तसे मागे घेतले. तिला फोटोतल्या चराचे वळण ओळखू आले होते, मलाही आले होते.

त्या दुसऱ्या मेलमध्ये आणखी एक गोष्ट होती. तिकडे जंगलाची देखभाल करणाऱ्या कचेरीने ती वाट बंद केली होती. तुमच्या देखत हे झालेच कसे, असे आंटींना विचारले गेले होते. तिकडच्या हिवाळ्यात, जून-जुलैत, त्या आपल्या समाजातल्या मुलांना तो खडक दाखवायला नेणार होत्या, तेही थांबले होते. त्यांनी तक्रार केली नव्हती. एका ओळीत लिहून पुढे गेल्या होत्या.

मधुवंतीने उत्तर लिहायला घेतले, पुसले, पुन्हा लिहिले. शेजारच्या खोलीत आजी चैत्रालीला म्हणत होत्या, "अगं, केसांना तेल लाव म्हटलं तर कशी पळतेस! कावळ्याचं घरटं झालंय नुसतं!" चैत्राली ओरडत होती, "आजी, सो स्मेली, कॅनॉट!" मधुवंतीने लॅपटॉप मिटला.

तिसरी मेल मे महिन्यात, एका मंगळवारी आली. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. सौमित्र अजून गाडीत होता. आजी टेबलाशी कोथिंबीर निवडत होत्या, चैत्राली समोर गृहपाठ करत होती. मधुवंतीने मेल उघडली आणि तिच्या हातातला चमचा कपात तसाच राहिला. डाग एकशे दहा मिलिमीटर. कोणीही काही सांगितले नाही, म्हणून येत्या गुरुवारी गरम वाफेचा झोत मारून डाग काढायचे ठरले होते.

शाळेत तुम्ही शिकला असाल, मित्रांनो. मेण बासष्ट-चौसष्ट अंशांना वितळते आणि वाफ शंभराची असते. माझ्या लाकडात लाख जशी शिरली, तसे ते मेण कुंकवाला घेऊन खडकाच्या आत शिरले असते, आणि मग ते कधीही निघाले नसते. हे थांबवू शकणारे घर एकच होते, आणि ते बुओना व्हिस्टाला अकराव्या मजल्यावर गप्प बसले होते.

"मम्मा, दॅट्स आंटीज रॉक!" चैत्राली मागून डोकावली. "व्हाय सो रेड?"

"बघू, बघू," म्हणत आजी चष्मा सावरत आल्या. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला. "अरे देवा. रंग सांडलाय की कुणीतरी! काय माणसं असतात गं! त्या बाईने इतकं बजावून सांगितलं होतं, हात लावू नका म्हणून. कुणी केलं हे?"

पश्चिमेच्या खिडकीतून ऊन टेबलावर आडवे आले होते.

"आई, बसा," मधुवंती म्हणाली.

"का गं? बरी आहेस ना?"

"आई, ते कुंकू आहे."

आजी बसल्या नाहीत. हात पुढे करून त्यांनी मला फळीवरून उचलले. त्यांची बोटे गार होती. झाकण उघडून त्या आत पाहत राहिल्या. कुंकू आता तळाशी जेमतेम पसरलेले होते, सहा मिलिमीटरही नसेल.

"मी तर टिकलीएवढं लावलं होतं."

"हो. मी पाहिलं होतं."

"तू पाहिलंस?" आजींचा आवाज बारीक झाला. "मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुम्ही हसत होतात, आई."

आजी खाली बसल्या. चैत्राली एकदा आईकडे, एकदा आजीकडे पाहत होती. तिने पेन्सिल खाली ठेवली.

"तिचं कपाळ मोकळं होतं गं," आजी म्हणाल्या. "बघवेना मला."

"ती बाई आहे हेसुद्धा आंटींनी सांगितलं नव्हतं. ते आपणच ठरवलं."

आजींनी माझ्या आरशात पाहिले. त्या पाहत होत्या तेव्हा पाऱ्याची ती रेघ बरोबर त्यांच्या कपाळावरून जात होती. त्यांना ती दिसली. त्यांनी मला दूर केले नाही.

"हे गेले ना," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी माझं कुंकू नणंदेने पुसलं. ओल्या रुमालाने. मी नको म्हणेपर्यंत पुसून झालंसुद्धा. वाईट नव्हती गं ती, रीत म्हणून केलं. पण मला कुणी विचारलं नाही, एवढंच घेऊन बसले मी आठ वर्षं." त्यांनी मला टेबलावर ठेवले. "आणि मी तरी तिला कुठे विचारलं? ती बाई असो, नसो."

"आजी, डोन्ट क्राय ला," चैत्राली म्हणाली, आणि स्वतःच रडू लागली.

"सौमित्र म्हणतो, उगीच काही भानगड होईल," मधुवंती म्हणाली. "दंड, चौकशी. पुन्हा व्हिसा मिळायचा नाही."

"होऊ दे. काय करणार आहेत म्हातारीला? पासपोर्टवर लिहितील, ही बाई दगडांना कुंकू लावते, हिच्यावर लक्ष ठेवा." आजींनी पदराने डोळे पुसले. "गुरुवार कधी आहे?"

"परवा."

"तिकडे आत्ता किती वाजलेत?"

"साडेआठ."

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूने शेवटी सांगायचे असते, की मला जपा, माझ्यावर धूळ बसू देऊ नका. मी ते सांगणार नाही. धूळ मला चालते. मी चौतीस वर्षे रोज एका माणसाच्या कपाळी लागलो, आणि त्याचा मला अभिमान होता. माझ्यातले कुंकू कुठेही शुभच असते, असे मला वाटे. आता वाटत नाही. तुम्ही कुठेही जा, कोणाच्याही दारात, जंगलात, खडकापाशी. तुमच्या मनात कितीही प्रेम असले, तरी हात पुढे करण्याआधी तिथल्या माणसाला विचारा. आणि चुकून हात लागलाच, तर सांगायला उशीर करू नका. उशीर होत असताना डाग थांबलेला नसतो. मी तो मोजला आहे.

मधुवंतीने फोन टेबलावर ठेवला आणि स्पीकर लावला. मी तिथेच, उघडाच होतो. पलीकडे घंटी वाजत होती. चार वेळा, पाच वेळा. आजींनी तिचा हात घट्ट धरला होता.

"हॅलो?" आंटी डोरीनचा संथ आवाज आला. त्या आवाजामागे, मला खात्री आहे, किडे किरकिरत होते, आणि ते एकदम थांबले.

मधुवंतीने श्वास घेतला.

"आंटी, मी सिंगापूरहून मधुवंती बोलतेय. गुरुवारी वाफ मारू नका. ते मेण आहे, आणि ते आमच्या घरातून लागलंय."